ढेकूण, कडुलिंब आणि वच्छाआत्याचे पाय

पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचवटीतल्या बाजारात कडुलिंबाच्या डहाळ्यांचे ढीग लागतात. कोवळी तांबूस पालवी, मधूनच पांढऱ्या फुलांचा तुरा, आणि आधी गोडसर वाटून मागाहून कडवट होत जाणारा तो वास. लोक जुडी घेतात, साखरेच्या गाठी घेतात आणि घरी जातात. मीही तेच करतो. फक्त त्या वासानं मला नवं वर्ष आठवत नाही, ढेकूण आठवतात. बायकोला हे एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "सणासुदीला दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला?" सुचत नाही, हे खरं आहे.

यंदा जुडी घेऊन गाडीजवळ आलो आणि दिगंबरचा फोन आला. दिगंबर हा माझ्या वच्छाआत्याचा मुलगा, कळवणजवळच्या खेड्यात शेती करतो. "नंदूदादा, आईच्या पायाचं बोट चिघळलंय. शुगर हाय तिला, तुला माहितीये. डॉक्टर म्हनला, आता अनवाणी चालली तर बोट जाईल, कदाचित पाऊलबी जाईल. आन् ही गडावर निघाली. कुणाचं ऐकत नाय. तुझ्यासाठी बोललेला नवस हाय, तूच समजाव तिला."

मी बरं म्हटलं आणि बराच वेळ गाडीला किल्ली लावायचं विसरून उभा राहिलो.

वच्छाआत्या दर चैत्रात घरून सप्तशृंगीच्या गडापर्यंत अनवाणी चालत जाते. लहानपणी एका उन्हाळ्यात मला कांजिण्या झाल्या आणि त्यातून मी सुखरूप उठलो, म्हणून. अडचण एवढीच, की मला कांजिण्या झाल्याच नव्हत्या. मला ढेकूण चावले होते.

तेव्हा आम्ही बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. भिंतीला भिंत लागून घरं. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात एक लोखंडी खाट, एक नवारीचा पलंग आणि पितळी डब्यांची फळी. ढेकूण कुठून आले ते कधीच कळलं नाही. कुणी म्हणे सेकंडहँड पलंगातून, कुणी म्हणे एसटीतून, आणि आई म्हणे वडिलांच्या कचेरीतल्या खुर्चीतून. वडिलांना हे फार लागायचं. म्हणूनच की काय, ढेकणांचा नायनाट करणं हे त्यांनी स्वतःचं कर्तव्य मानलं होतं, आणि त्यासाठी रविवार ठरवून दिला होता.

पहिल्यांदा रॉकेल झालं. रेशनचं रॉकेल, तेही मोजून मिळायचं. त्यातलं वाटीभर घेऊन वडील कोंबडीच्या पिसानं खाटेच्या सांध्यासांध्यांत सोडायचे. ढेकूण बाहेर यायचे, थोडे भिरभिरायचे आणि दुसऱ्या सांध्यात जायचे. आम्ही मात्र आठवडाभर रॉकेलच्या वासात झोपायचो आणि आई मला बजावायची, काडी पेटवायची नाही. मग उकळतं पाणी आलं. पाण्यानं पलंगाचं लाकूड फुगलं, त्याच्या फटी रुंदावल्या आणि ढेकणांना पूर्वी एक खोली होती तिथं दोन झाल्या. मग खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून झाले, म्हणजे त्यांना खालून चढता येऊ नये. ते भिंतीनं वर गेले आणि आढ्यावरून अंगावर पडले. निदान वडिलांचं म्हणणं तसं होतं. डांबरगोळ्या झाल्या, वेखंड झालं, कुठली तरी पांढरी पावडर झाली, तिनं सगळ्यांना शिंका आल्या. रात्रभर दिवा चालू ठेवून पाहिला. उजेडात ढेकूण येत नाहीत म्हणे. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. ढेकूण मात्र थोडा वेळ थांबून आले.

गाद्या उन्हात टाकणं हा त्यातला सर्वांत सुखाचा प्रकार. गच्चीवर दिवसभर तापलेली गादी संध्याकाळी खाली आणली की तिला कापसाचा गरम, कोरडा वास यायचा. मी तिच्यात तोंड खुपसून पडायचो आणि मला खात्री वाटायची की आता संपलं सगळं. मग कानामागं पहिली खाज सुटायची.

हे सगळं दार-खिडक्या लावून चालायचं. घरात ढेकूण आहेत ही गोष्ट शेजारी कळणं म्हणजे काय, हे आज समजावून सांगणं कठीण आहे. दारिद्र्य चालेल, भांडणं चालतील, पण ढेकूण म्हणजे घरातली बाई घाणेरडी. आईला हे मरणासारखं वाटायचं. वडील लोखंडी खाट जमिनीवर आपटून ढेकूण झाडायचे, तेव्हा त्याचा दणका ऐकू जाऊ नये म्हणून ती रेडिओ मोठ्यानं लावायची. खूप वर्षांनी, ते घर सोडल्यानंतर, माझ्या एकदम लक्षात आलं की दर रविवारी सकाळी आमच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही शेजाऱ्यांकडे रेडिओ असाच मोठ्यानं लागायचा. म्हणजे आम्ही आमचे ढेकूण भिंतीच्या भेगेतून त्यांच्याकडे पाठवत होतो, आणि ते पुढच्या रविवारी परत करत होते. सगळी गल्ली एकेकटी लढत होती. एक दिवस सगळ्यांनी दारं उघडून खाटा रस्त्यावर आणल्या असत्या तर काही तरी झालं असतं. पण पहिली खाट कोण आणणार?

कडुलिंब सगळ्यात शेवटी आला. वडिलांच्या कचेरीत कुणी तरी सांगितलं, की गादीखाली पाला पसरा आणि दारा-खिडक्यांना डहाळ्या लावा, वासानं ढेकूण घर सोडतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. वडिलांनी नदीकडच्या झाडाचा भाराभर पाला आणला. आमच्या बिछान्याखाली पाला, उशीखाली पाला, खिडकीला डहाळ्या आणि चौकटीला दोन्ही बाजूंनी डहाळ्या. मला तर घर फार सुंदर दिसायला लागलं होतं.

आणि त्याच दुपारी निवृत्तीभाऊ आले. ते आत्याच्या गावचे, जीपमधून भाजी घेऊन पंचवटीत यायचे आणि जाता-येता निरोप पोचवायचे. फोन कुणाकडे नव्हते. निरोप दरवर्षीचाच होता: कांदा चाळीत पडला, शनिवारी आक्का, म्हणजे आमची आत्या, माहेरपणाला येतेय.

आमचे आजी-आजोबा चांदवडकडचे, पण ते लवकर गेले. त्यामुळं आत्याचं माहेर म्हणजे नाशिकच्या आमच्या दोन खोल्या. सासरी माणसांचा राबता, गुरं, सासू कडक. वर्षातून पंधरा दिवस ती आमच्याकडे यायची. ऊन तोंडावर येईपर्यंत झोपायची. आई तिच्या केसांना तेल लावून द्यायची, आणि तेल लावता लावता दोघी कशाला हसायच्या कोण जाणे. मला तिच्या पिशवीतल्या नागलीच्या पापडांचं आणि तिच्या गोष्टींचं वेड होतं. रात्री ती झोपायची त्या नवारीच्या पलंगावर.

निवृत्तीभाऊ दारातच थबकले. चौकटीवरच्या डहाळ्यांकडे त्यांनी पाहिलं. मग आतल्या खोलीत उघडा बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर, हातांवर लाल चट्टे होते, काही खाजवून फोडलेले. त्यांनी पटकन पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"बया आल्या व्हय, वहिनी?"

कांजिण्या आल्या की आमच्याकडे बया आल्या म्हणतात. देवीच ती. ती घरात असली की दाराला कडुलिंब लावतात, पोराला पाल्यावर निजवतात आणि बाहेरचं माणूस घरात येत नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. पलंगाकडे पाहिलं. मग डोळे खाली करून म्हणाली, "हं."

ती खोटारडी बाई नव्हती. बाजारात जास्त सुटे पैसे परत आले तर उन्हातून माघारी जाणारी ती. त्या 'हं'ला मी पुढं कितीदा तरी उलटून पाहिलं आहे. नणंदेनं पलंगावर झोपावं, अंगावर चट्टे उठवून सासरी जावं आणि सगळ्या गावाला कळावं की भावजयीच्या घरात ढेकूण आहेत, एवढंच तिला नको होतं. तिनं खोटं सांगितलंही नाही. निवृत्तीभाऊंनी विचारलं आणि तिनं नाही म्हटलं नाही.

पण एकदा बया आल्या म्हटल्यावर बयांचं सगळं करावं लागतं. तासाभरात गल्लीत बातमी गेली. घरात देवी असताना फोडणी देत नाहीत, आणि फोडणीचा वास तर भिंतीपलीकडे जातोच. त्यामुळं आम्ही बिनफोडणीचं वरण आणि उकडलेला भोपळा खाऊ लागलो. कुणी केस विंचरायचे नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. खाट आपटणं तर बंदच झालं, कारण देवीच्या घरी रेडिओ कसा लावणार? मला सुट्टीत बाहेर जायची बंदी. मी पाल्यावर पडून ऐकायचो, गल्लीत पोरं विटीदांडू खेळतायत. शेजारणी दारातूनच दहीभात ठेवून जायच्या. घरमालकीणबाई एवढ्या तोऱ्याच्या, पण त्यांनी उंबऱ्याबाहेरून माझ्या दिशेनं डोकं टेकवलं आणि "शांत हो माते" म्हणाल्या. त्या वेळी माझ्या मांडीवरून एक ढेकूण निघाला होता. त्याला मारावं की माते म्हणून गप्प पडावं, हे मला कळेना. मी गप्प पडलो.

मला तेव्हा मजा वाटली होती, हे लिहायलाच हवं.

आठवड्यानं निवृत्तीभाऊ परत आले. कागदाच्या पुडीत अंगारा, खडीसाखर आणि खोबऱ्याचा तुकडा. "आक्का पायी गेली गडावर," ते दारातून म्हणाले. "अनवाणी. भर उन्हात. देवीला बोलली, भाच्याला सुखरूप ठेव, माझे पाय चालतील तोवर दर चैत्रात अशीच येईन." आईच्या हातात पुडी होती. ती तशीच धरून ती आत आली आणि डब्यांच्या फळीसमोर पाठमोरी उभी राहिली. रात्री मी वडिलांना म्हणताना ऐकलं, "सांगून टाकू या." आई म्हणाली, "कसं सांगू? आता देवी मध्ये आलीय."

तेच खरं झालं. निरोप निवृत्तीभाऊंमार्फत गेला असता तर सगळ्या गावात गेला असता. समक्ष सांगायचं तर आत्या यायला हवी. पुढच्या वर्षी तिची सासू अंथरुणाला खिळली, मग नवरा आजारी पडला, मग सुना आल्या, मग नातवंडं. ती लग्नाकार्याला यायची, पण संध्याकाळची एसटी गाठायची. त्या पलंगावर ती पुन्हा कधी झोपली नाही. दर चैत्रात मात्र खडीसाखरेची पुडी न चुकता यायची आणि आई ती माझ्या तळहातावर ठेवायची. आई स्वतः कधी खायची नाही. मी खायचो. मुलगी झाली तेव्हा तिलाही भरवली. खडीसाखर गोडच लागते, कशासाठीही आणलेली असो.

आणि ढेकूण? कडुलिंबाचा पाला सुकून चुरा झाला, त्या चुऱ्यात ढेकणांना लपायला छान जागा झाली. आमचं घर सुटलं तोवर ते तिथंच होते.

आई जायच्या आधी महिनाभर तिला फार बोलता येत नव्हतं. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "वच्छाला सांगशील?" मी हो म्हटलं. जरा वेळानं म्हणाली, "नको, राहू दे. तिला वाईट वाटेल." मी त्यालाही हो म्हटलं. माझ्या दोन्ही हो-मधलं मला सोपं वाटलं ते मी पाळलं.

पाडव्यानंतर दोन-चार दिवसांनी मी कळवणला निघालो. रस्त्यानं गडावर जाणारे जथे दिसत होते, भगवे झेंडे, डोक्यावर बोचकी, कुणाच्या कडेवर पोरं. डांबर तापून मऊ झालं होतं. अनवाणी माणसं रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालत होती आणि मी गाडीच्या काचा वर करून त्यांच्या पायांकडे बघत होतो. मनाची तयारी चालली होती. डॉक्टरांचं सांगायचं, नवस दुसऱ्या प्रकारानंही फेडता येतो हे सांगायचं, फारच झालं तर मी तुझ्याऐवजी चालतो म्हणायचं. खरं सांगायचं हे सगळ्यात शेवटी.

आत्या ओट्यावर बसली होती. बोटाला पट्टी, आणि शेजारी बांधलेलं गाठोडं. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"आला का माझा देवीचा परसाद!" ती म्हणाली.

मी डॉक्टरांचं सांगितलं. ती हसली. नवसाचं सांगितलं. "शब्द शब्द असतो, नंदू. पाय चालतील तोवर म्हनले होते. चालत्यात अजून." मी चालतो म्हटलं. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. दिगंबर दारात उभा राहून माझ्याकडे आशेनं बघत होता. मग माझ्याकडे काही उरलं नाही.

"आत्या, मला बया आल्याच नव्हत्या."

"आँ?"

"ढेकूण चावले होते. घरात ढेकूण झाले होते. तो कडुलिंब ढेकणांसाठी लावला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते लाल लाल चट्टे, निवृत्ती म्हनला होता ते?"

"ढेकणांचेच."

"आन् लिंबानं ढेकूण जात्यात, असं कोन म्हनलं तुमाला?" असं म्हणून ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग हलवत, अगदी तेल लावून घेताना हसायची तशी. "येड्यांनो! आमी इथं बाजा नेऊन नदीच्या डोहात बुडवायचो, वरून दगड ठेवायचो. चार-चार दिस. बाज वर काढली की हे पुन्हा चालायला तयार! प्रत्येक घरात होते रे ढेकूण. माझ्या सासूच्या गादीत तर मुठीनं होते."

दिगंबरही हसला. मलाही हसू आलं, आणि वाटलं, सुटलो. एवढीशी गोष्ट होती आणि आम्ही उगाच जन्मभर वाहिली.

मग तिचं हसू हळूहळू थांबलं. ती गाठोड्याची गाठ चाचपत बसली.

"म्हंजे वहिनीला मी यायला नको होते," ती म्हणाली.

"तसं नाही गं आत्या. तिला लाज वाटली."

"वर्षभर वाट बघायचे मी. कांदा काढताना कंबर मोडायची, तवा म्हनायचे, आता एवढी चाळ भरली की नाशिक. ढेकणासंगं झोपले असते की मी. इथं तरी काय परांच्या गादीवर होते?" तिचा आवाज चढला नव्हता. "त्या साली यायला मिळालं नाय, तरी मला कधी रडू नाय आलं बघ. म्हनले, देवी आडवी आली. देवीपुढं कुनाचं चालतंय? इतकी वर्षं मला कुनाचाबी राग नव्हता."

तिचा पाय वाचवायला म्हणून मी आलो होतो आणि तिच्याजवळचं काही तरी काढून घेतलं होतं. आईला हे कळत होतं. म्हणून ती नको म्हणाली होती.

"चला, म्हंजे नवस नाय लागू," दिगंबर सरळ मनानं म्हणाला. "आता ऱ्हाशील ना घरी?"

"ऱ्हाते की," आत्या म्हणाली. तिनं गाठोडं सोडलं. आतलं लुगडं, भाकरीचं फडकं, हळदीकुंकवाची डबी एकेक करून बाजूला ठेवली. "बाया येतील बोलवायला. त्यांना सांग, पाय दुखतोय. वर्साचं तेवढंच चालनं होतं माझं. वाटंनं गानी म्हनायची, झाडाखाली पडायचं, कुनी उठ म्हनायचं नाय." मग तिनं एकदम मान वर केली आणि डोळे मिचकावले. "मग यंदा नाशिकला येते. ऱ्हायलेलं माहेरपन करून घेते पंधरा दिस. गेले का रे तुमचे ढेकूण?"

तिनं थट्टेनंच विचारलं होतं. मी हसून म्हणायला हवं होतं, चल, आत्ताच गाडीत बस. तेवढंच म्हणायचं होतं. पण त्याआधी माझ्या डोळ्यांसमोर हॉलमधला नवा सोफा आला. आत्याची मिश्री आणि आमचं पांढरं बेसिन आलं. मुलीची खोली, तिचे क्लास, बायकोचं घरून चालणारं ऑफिस, पंधरा दिवस म्हणजे नक्की पंधराच का, असं सगळं एका श्वासात येऊन गेलं.

"ये ना," मी म्हणालो. "जरूर ये. फक्त... जरा परीक्षा संपू दे पोरीची, म्हणजे निवांत."

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि लंगडत आत चहा ठेवायला गेली.

"ऱ्हाऊ दे, नंदू," ती चुलीपाशी बसता बसता म्हणाली. "तुझी आई बरी. तिनं निदान देवीचं नाव तरी पुढं केलं."